जुनिपरची खरड छाटणी

भवानीनगरहून आल्या आल्या शकुबाई चपलाही न काढता थेट गच्चीवर गेल्या. खांद्याला पिशवी तशीच, पिशवीत धाकट्या बहिणीनं, फुलाबाईनं, कोंबलेल्या शेवग्याच्या शेंगा तशाच. दोन दिवसांत झाड तहानलं असेल, एवढीच काळजी होती. जाताना नवऱ्याला तीनदा बजावलं होतं, सकाळी एकदाच पाणी, आणि तेसुद्धा मातीत बोट घालून बघितल्यावर. तिन्ही वेळा मोहनरावांनी मान हलवली होती आणि चौथ्यांदा म्हणाले होते, "अगं, उभी हयात बागंत गेली माझी." दार ढकललं तर आधी डोळ्यांत शिरला तो रंग. गुलाबी. झाडावर गुलाबी ठिपके होते, पोरींनी नखं रंगवावीत तसे, आणि ते बघता बघता कळलं की ठिपक्यांच्या पुढं काहीच नाही. कुंडीतल्या बोन्साय जुनिपरला पाच फांद्या. वीस वर्षं तारा बांधून, सोडून, पुन्हा बांधून वळवलेल्या. त्यातल्या चार फांद्यांवर हिरव्याचं नाव उरलेलं नव्हतं. एकीच्या बुडाशी चुकून चिमूटभर राहिलं असेल तेवढंच. बाकी बोटाच्या पेराएवढ्या काड्या राखून सगळं कापलेलं, आणि प्रत्येक कापाच्या तोंडावर द्राक्षाच्या छाटणीनंतर लावायच्या गुलाबी पेस्टचा ठिपका. उजवीकडची, खाली झुकलेली पाचवी फांदी तेवढी शाबूत. फरशी झाडून स्वच्छ केलेली. कापलेला हिरवा पाला कोपऱ्यात ढीग लावून ठेवलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा. माणूस कामाला नेटका, त्यात शंका नाही.

"कशी झाली?" मागून आवाज आला. मोहनराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते, गळ्यात चष्म्याची दोरी, दोन हातांत चहाचे दोन कप. बायको यायच्या वेळेला माणसानं स्वतः चहा केला होता, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शकुबाईंना आधी ते कपच दिसत राहिले.

"काय केलंत हे?"

"खरड छाटणी. एप्रिल हाय न्हवं? लई दाटलं होतं गं, आत हवाच खेळंना. म्हटलं, तू यायच्या आत उरकून टाकू. पेस्टबी लावली, म्हंजी डोळं एकसारखं फुटत्यात. एकवीस दिवस थांब फक्त. बघ कसं पोपटी येतंय."

"आणि ही?" शकुबाईंनी पाचव्या फांदीकडं बोट केलं.

"ती ऱ्हायली. ज्ञानेशचा फोन आला बोरीहून, मग ऊन चढलं. उद्या घेतो तीबी." आणि त्यांनी कप पुढं केला. शकुबाईंनी तो घेतला. हात आपणहून पुढं गेला, त्याला चाळीस वर्षांची सवय होती. चहात साखर जास्त होती. कापलेल्या जुनिपरचा वास गच्चीभर भरून राहिला होता, कापूर आणि ओलं लाकूड यांच्या मधला, आणि तो वास एरवी शकुबाईंचा फार लाडका. वर्षातून एकदा, कात्रीनं दोन-चार शेंडे घेतले की बोटांना लागायचा आणि त्या दिवशी त्या भाकरी थापायलासुद्धा नाखूश असायच्या, वास जाईल म्हणून. आज त्यांनी पदर नाकाला लावला. एवढा वास येण्याइतकं हे झाड कधी कुणी कापलंच नव्हतं.

आता इथल्या माणसाला हे सांगून पटायचं कसं, हाच तर घोळ आहे. या सगळ्या मुलखाची श्रद्धाच मुळी कापलं की फुटतं यावर. ऊस तोडला की बुडख्यातून खोडवा येतो. डाळिंब छाटलं, पाणी तोडून ताण दिला, पाणी सोडलं की फुलतं. आणि द्राक्षाचं तर विचारूच नका, वर्षातून दोनदा कात्री: ऑक्टोबरात फळछाटणी, आणि एप्रिलमध्ये ही खरड छाटणी, जिच्यात वेल नावाप्रमाणं खरडून काढायची, एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखून बाकी सगळं भुईवर. नवखा माणूस खरडलेली बाग बघून हाय खातो, आणि तीन आठवड्यांत काडीकाडीवर पोपटी फुटवे बघून तोंडात बोट घालतो. ही तारीख अचूक काढणारा माणूस म्हणून मोहनरावांचं नाव इंदापूर तालुक्यात बोरीपासून पार नदीकाठापर्यंत. हवा बघायची, काडी वाकवून मोडून बघायची, आणि सांगायचं, "सात तारखेला घाल कात्री." आणि ती सात तारीख कधी चुकायची नाही. बाग मुलाच्या, ज्ञानेशच्या, हाती देऊन दोघं बारामतीत एमआयडीसीच्या मागं या दोन खोल्यांच्या बंगलीत राहायला आले, तरी रोज सकाळी पहिल्या पाळीच्या मोटारसायकली फाट्याकडं वळायला लागल्या की हे गच्चीवर येऊन खुर्ची टाकायचे आणि फोनवर लोकांना तारखा द्यायचे. जुनिपर तिथंच, हाताच्या अंतरावर. सहा वर्षं त्याच्याकडं बघत होते आणि त्यांना एकच दिसत होतं, की ही वेल कुणी खरडलेली नाही. बिचाऱ्यांचे हात वळवळले असणार.

जुनिपर फुटत नाही. हिरवं सगळं उतरवलं तर ती फांदी मेली, मग पेस्ट लावा नाहीतर पेढा लावा. शकुबाईंना हे पुस्तकातून कळलं नव्हतं, स्वतःच्या हातून मारून कळलं होतं. बोरीच्या बायकांना एकदा पुण्याच्या पुष्पप्रदर्शनाला नेलं होतं, तिथं एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलावर पहिल्यांदा हे खवल्याखवल्यांच्या पानांचं, थंड डोंगरातलं झाड बशीएवढ्या कुंडीत उभं असलेलं बघितलं. बाकीच्या बायका गुलाबांपुढं फोटो काढत होत्या आणि शकुबाई तिथंच. हातभर झाड, पण डोंगरावरचं जुनंपुराणं झाड लांबून बघावं तसं. एक रोप घेऊन आल्या. आणि पहिल्याच चैत्रात, आपल्या घरी जे चालतं तेच करायचं म्हणून, कात्री घेऊन बसल्या. त्या रोपाला बोडकं करताना किती शहाणपण वाटलं होतं! काड्यांवर थोडं हिरवं राहिलं होतं ते तसंच राहिलं, महिना झाला, दीड महिना झाला, हिरवंच. त्या पाणी घालत राहिल्या, आल्यागेल्याला दाखवत राहिल्या. मग एका आठवड्यात ते गवतासारखं पिवळं पडलं आणि बोट लावलं की झडलं. एसटीनं पुण्याला गेल्या, त्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, ते कापलं त्याच आठवड्यात गेलं होतं. याचं असंच असतं. मेल्यावर दोन-दोन महिने हिरवं दिसतं." शकुबाईंना त्या वेळी झाडाचं जितकं वाईट वाटलं नाही तितकी या गोष्टीची लाज वाटली, की आपण दीड महिना मेलेल्याला पाणी घालत होतो आणि आपल्याला कळलं नाही. दुसरं रोप आणलं ते हे. पुढच्या तीन वर्षांत चार वेळा पुण्याला जाऊन त्या बाईंच्या ओट्यावर बसून शिकल्या. चारच वेळा, कारण त्यातही छाटण्या मधे यायच्या.

छाटण्या कायम मधे आल्या. लग्न होऊन वडगाव निंबाळकरहून बोरीत आल्या तेव्हा बारावी झालेल्या होत्या आणि डी.एड.च्या यादीत नाव लागल्याचं पत्र आलं होतं. ते पत्र मोहनरावांनी स्वतः वाचून दाखवलं होतं, हसून, कौतुकानं. "जायचं की. का न्हाय जायचं? ऑक्टोबर छाटणी तेवढी होऊ दे, मजूर मिळंनात." ऑक्टोबर झाला, मग मणी विरळायला माणूस हवं, मग फेब्रुवारीत माल, मग एप्रिल आलाच, आणि एप्रिलमध्ये ज्ञानेश पोटात. कुणी कधी नको म्हटलं नाही. पुढची तारीख दिली, इतकंच. सासूबाई, रंगूबाई, चुलीपाशी बसून म्हणायच्या, "बाईच्या जातीचं काय गं, उसाचा खोडवा. मुळापस्नं कापली तरी फुटती." आणि शकुबाई फुटल्याही की. डबे केले, मजुरांचे हजेरीपट लिहिले, पोर वाढवलं, सासूचं शेवटपर्यंत सगळं केलं. हसतमुख बाई, सगळा गाव म्हणायचा. हिरवीगार. आता गच्चीवर उभ्या राहून त्यांना वाटलं, ते पत्र कुठल्या वर्षी मेलं असेल? माझ्यात ते कधी संपलं आणि मी किती वर्षं त्याला पाणी घालत बसले? खालून दुधाच्या टँकरचा भोंगा वाजला आणि मोहनराव म्हणाले, "चहा निवला गं."

"तुमी खाली जा," शकुबाई म्हणाल्या.

ते गेले. रागानं नाही, जरा हिरमुसले इतकंच. शकुबाईंनी पदर खोचला, फडकं ओलं केलं आणि एकेक काप पुसून घेतला. गुलाबी पाणी बोटांवरून मनगटापर्यंत गेलं. मग ती कुंडी, पाऊण मणाची, दोन्ही हातांनी कवळून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नेली, जिथं फक्त कोवळं ऊन येतं. कंबरेत कळ आली तरी मधे टेकवली नाही. हिशेब साधा होता: या पाचव्या फांदीवर आता सगळं झाड जगायचं. तिला कात्री लागली तर संपलं, आणि नुसतं वैशाखातलं ऊन लागलं तरी संपलं. वीस वर्षांचं काय ते या एका फांदीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनराव द्राक्षाची कात्री पॅन्टच्या खिशात घालून जिना चढले, तर गच्चीच्या जाळीच्या दाराला कुलूप.

"शके, अगं चावी कुठंय?"

"माझ्याकडं हाय."

"दे की. ती एक फांदी घेतो, लंगडं दिसतंय ते. छाटणी अर्धवट ठिवू न्हाई, एका बाजूनं जोर जातो."

"न्हाय."

आता 'न्हाय' हा काय मोठा शब्द आहे? रोज शंभरदा तोंडातून जातो. मीठ आहे का, न्हाय. पण या माणसापुढं, त्याच्या कामाच्या बाबतीत, हा शब्द असा नुसता, मागंपुढं काही न लावता, शकुबाईंनी कधी उच्चारला नव्हता. 'न्हाय, पण' असायचं, 'न्हाय हो, तसं न्हाय' असायचं. मोहनराव पायरीवर उभे राहिले. बायकोच्या कनवटीला चावीचा फुगवटा दिसत होता. त्यांना हसू आलं, मग ते हसू तोंडावरच अडकलं. "अगं, मी काय चोर हाय का?" ते म्हणाले. शकुबाईंनी चावी कनवटीत आणखी आत सारली आणि त्या म्हणाल्या, "चोर आसता तर बरं झालं असतं. चोर नुसतं नेतो, वर चहा आणत न्हाय."

तीन दिवसांत ही बातमी बोरीला पोचली. ज्ञानेश मोटारसायकलवर आला, मुलगा गुणी, बापाचा जीव की प्राण. बसला, पाणी प्यायला, आणि चपात्यांच्या परातीशेजारी उकिडवा बसून समजावायला लागला. "आई, झाडापायी गच्चीला कुलूप? लोक हसत्यात. आणि बाबांना तेवढंच हाय गं आता, सकाळचा गच्चीवरचा फोन."

"मलाबी तेवढंच हाय."

"पण त्यांनी तुझ्यासाठीच केलं न्हवं?"

हाच तो काटा. तो चोवीस तास टोचत होता. दुष्ट माणसावर राग धरणं किती सोपं असतं. सारा गाव तुमच्या बाजूनं. हा माणूस प्रेमानं करतो. पत्र प्रेमानं वाचून दाखवलं. बाळंतपणानंतर गर्भाशय काढायची तारीख प्रेमानं ठरवली, "दोन छाटण्यांच्या मधी येतंय, तुला आराम मिळंल." या घरात एकही तारीख अशी नव्हती जी शकुबाईंच्या भल्यासाठी काढली नव्हती. शकुबाईंनी लाटणं परातीत ठेवलं. "माझ्यासाठी केलं, खरं हाय. पण मला इचारलं का? एकदा तरी इचारलं, की हे झाड कवा छाटत्यात? दहा तालुक्यातली माणसं ह्यांना इचारत्यात. ह्यांनी घरात एक तोंड हाय त्याला इचारलं न्हाय." ज्ञानेश उठला. जाताना बापाच्या खोलीत डोकावून म्हणाला, "थांबा थोडं दिवस," आणि त्या वाक्यानं दोघांपैकी कुणाचंच समाधान झालं नाही.

मग मोहनराव दिवस मोजायला लागले. रोज सकाळी जिन्यात येऊन जाळीतून विचारायचे, "फुटलं का गं?" आतून आवाज, "न्हाय." सातव्या दिवशी न्हाय. चौदाव्या दिवशी न्हाय. शकुबाई झाडावर बारीक तुषार मारत असायच्या, मान वर न करता सांगायच्या. सुरुवातीला त्या शब्दात राग होता, मग राग सरला आणि नुसती खबर उरली. पण ती खबर रोज देण्यात एक कडक सुख होतं, हे त्या स्वतःशी कबूल करत होत्या. एकविसाव्या दिवशी मोहनराव अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. जाळीला डोळे लावून त्यांनी खूप वेळ बघितलं, आणि एका फांदीच्या बुडाशी चुकून राहिलेला तो चिमूटभर पाला त्यांना दिसला.

"ते बघ, हिरवं हाय की!"

"ते मेलंय."

"हिरवं हाय आन् मेलंय? डोकं फिरलंय तुझं."

"मेलंय. तुमाला दिसायला अजून महिना लागंल." आणि मग, न राहवून, जाळीपाशी येऊन त्या म्हणाल्या, "तुमी द्राक्षातलं देव हाय, मी कवा न्हाय म्हटलं? पण सगळंच द्राक्ष नसतं. काही झाडं कापली की फुटत न्हाईत. ती सांगत न्हाईत, रडत न्हाईत, हिरवी दिसत ऱ्हात्यात. म्हणून तुमाला वाटतं, जमलं." जाळीच्या पलीकडं मोहनरावांचा चेहरा चौकोनाचौकोनांत कापला गेला होता आणि त्यातल्या कुठल्या चौकोनात काय चाललंय हे शकुबाईंना कळेना. ते जिना उतरले. त्या दिवशी फोनवर एकाला तारीख देताना त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

जेठात तो चिमूटभर पाला गवताच्या रंगाचा झाला. शकुबाईंनी कुणाला बोलावलं नाही की दाखवलं नाही. कुलूप मात्र त्याच दिवशी काढलं, कारण आता ज्याला बघायचं त्यानं खुशाल बघावं. मोहनराव दुपारी, त्या झोपल्यात असं समजून, वर गेले. शकुबाई जागीच होत्या. डोक्यावरच्या फरशीवरून त्यांची पावलं टाकीपर्यंत गेलेली ऐकू आली, आणि तिथं थांबली. खाली आले तेव्हा त्यांच्या अंगठ्याला आणि बोटाला पिवळा भुगा लागलेला होता. त्यांनी तो धुतला नाही, नुसता पॅन्टला पुसला. "गेलं," इतकंच म्हणाले. शकुबाईंनी वाट बघितली. चाळीस वर्षांत ज्या एका शब्दाची वाट बघितली नव्हती त्याची त्या दुपारी बघितली. तो आला नाही. ताकात मीठ कमी आहे, असं काहीतरी ते म्हणाले.

पण पाचवी फांदी जगली. भादव्यात ऊन निवलं आणि तिचे शेंडे लांबायला लागले, आधी फिकट, मग दिवसागणिक गर्द. मोहनरावांनीच एका सकाळी विषय काढला, चाचपडत, पेपरावरची नजर न काढता. "त्या वाळलेल्या चार कापून टाक. बुडातून. दिसायला बरं. लोक येत्यात आता, दसऱ्यानंतर." लोक येतात आणि बघतात, हे खरं होतं. बुडातून कापल्या, खोडावर माती-शेवाळ चोळलं, तर दोन वर्षांत कुणाला खूणही कळली नसती. शकुबाईंनी भाजी चिरायची लहान सुरी घेतली, दगडावर धार लावली आणि वर जाऊन मांडी घालून बसल्या. एका मेलेल्या फांदीची साल उभी चिरली आणि सोलायला घेतली. पुण्याच्या बाईंनी शेवटच्या खेपेला हे हाताला धरून शिकवलं होतं, डोंगरावर वीज पडून मेलेला भाग झाड टाकून देत नाही, मिरवतं, तसं. साल निघाली की खालून लाकूड पांढरं, हाडासारखं. चार फांद्यांना चार दिवस लागले. हाताला फोड आले. पूर्ण झाल्यावर झाडाकडं बघितलं: चार पांढऱ्या फांद्या आभाळात आणि एक हिरवी खाली झुकलेली. सुंदर होतं का? होतं, आणि त्याचाच शकुबाईंना थोडा राग आला.

दसरा झाला आणि फळछाटणीच्या तारखा काढायला माणसं यायला लागली. त्यातल्या एका सकाळी बोरीचा सुयोग आला, तीन एकर बाग असलेला तरणा बागायतदार, सोबत त्याच्या भावकीतले दोघं. गच्चीवर सतरंजी टाकली होती. काड्यांचे नमुने, डायऱ्या, सगळं पसरलेलं. शकुबाई पोह्यांच्या बश्या घेऊन वर आल्या तेव्हा सुयोग टाकीपाशी उभा राहून वाकून बघत होता. "आयला तात्या! हे पांढरं मुद्दाम केलंय व्हय? मी मोबाईलवर बघितलंय, जपानची माणसं असंच करत्यात. काय हात हाय राव तुमचा! द्राक्ष तर द्राक्ष, ह्यातबी!" बाकीचे दोघं उठून बघायला आले. एकानं फोटो काढला. "मोहनतात्या म्हंजी मोहनतात्याच," दुसरा म्हणाला.

मोहनरावांनी शकुबाईंकडं बघितलं. ते हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात एक लहानसं, ओशाळं हसू येऊन थांबलं होतं, आणि ते पुढं यायचं की मागं जायचं हे शकुबाईंच्या तोंडावर ठरणार होतं. किती सोपं होतं! 'व्हय, तशी पद्धत हाय' एवढं म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं, तशी पद्धत आहेच. माणसाची अब्रू राहिली असती, चहा गोड झाला असता. चाळीस वर्षं त्या अशीच वाक्यं बोलत आल्या होत्या, खरीही आणि सोयीचीही. बश्या हातात जड झाल्या. त्यांनी त्या सतरंजीवर ठेवल्या आणि सरळ उभ्या राहिल्या.

"मुद्दाम न्हाय," शकुबाई म्हणाल्या. "ह्यांनी एप्रिलमधी जुनिपरला खरड छाटणी केली. मला न इचारता. चार फांद्या मेल्या. ह्ये म्हणत होते कापून टाक, दिसू नये म्हणून. मी सोलून ठेवल्या, दिसाव्या म्हणून."

सुयोग हसायला गेला आणि थांबला. मोहनरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शकुबाईंनी स्वतःला तपासून बघितलं, वाईट वाटतंय का? वाटायला हवं होतं. नव्हतं वाटत. हलकं वाटत होतं आणि भूक लागली होती.

सुयोगनं डायरी पुढं ओढली. "मग तात्या," तो बिचारा सवयीनं म्हणाला, "ह्याची छाटणी असती तरी कवा? माझ्या मंडळींनीबी आणलंय असलंच एक." मोहनरावांचं तोंड उघडलं. तारीख जिभेवर आलेली असणार, त्या जिभेला दुसरं ठाऊकच नव्हतं. पण शकुबाई थांबल्या नाहीत. "तारीख न्हाय त्याला," त्या म्हणाल्या. "झाड बघायचं. ऊन निवल्यावर शेंडं लांबत्यात, आधी फिकट असत्यात. ते गर्द व्हायला लागलं की जोर धरला समजायचं. मग लांबलेले तेवढेच घ्यायचे, एकेक, कात्रीनं. नखानं खुडू नका, करपतं. फांदीवर हिरवं ठिवूनच कापायचं, नागडी करायची न्हाय. कुंडी बदलली आसंल त्या साली कात्रीच न्हाय. आन् एप्रिलमधी तर हातबी लावायचा न्हाय." सुयोगनं डायरी उघडली होती. पेन टेकवून तो बसला, पण तारखेच्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं रकाना सोडून पानाच्या मधोमध लिहायला घेतलं, आणि वर बघून म्हणाला, "काकू, जरा सावकाश सांगा."

त्यांनी सावकाश सांगितलं. पहिल्यापासून, सगळं. मोहनराव बशीतल्या पोह्यांकडं बघत ऐकत होते, आणि सांगून झाल्यावर, मान वर न करता, सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "आन् ती? जगलेली?" आवाज बसका होता. "तिची कवा करायची?"

"ह्या साली न्हाय."

"मग कवा?"

"मी सांगीन तवा," शकुबाई म्हणाल्या. "आन् छाटणार बी मीच."